चिमट्यातलं पितळ

कौतिक, त्या संध्याकाळी आपण राजदूत मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा आऊट काढत होतो. चाक स्टँडवर चढवलेलं, मी खाली पोत्यावर, हातात स्पोकची चावी. तू समोर पाटावर, हातात खडू. मी चाक फिरवायचो, तू रिमला खडू धरायचीस. रिम जिथं वाकडी तिथं खडू घासायचा, आणि तू म्हणायचीस, "आऊट शे." माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मला खडूची रेघ दिसत नाही. म्हणून डोळे तुझे आणि हात माझे, असं काही वर्षं चाललं होतं.

दोन दिवस तू माझ्याशी बोलत नव्हतीस. त्या संध्याकाळी न बोलावता येऊन बसलीस, पण बोललीस तेवढंच. "आऊट शे." मी स्पोक आवळला. चाक फिरवलं. "आऊट शे."

मी वैतागलो. म्हटलं, "कितला वेळ आऊट ऱ्हाई वं?"

"तुम्ही नीट आवळा ते निंघी."

मग तू उठलीस, गुडघ्यावर हात टेकून, माय गं करत. "पुरे करा आते. मन्ही खिचडी करपी ऱ्हायनी. सकायले देखू."

खिचडी करपलीच होती. खाली लागलेली खरवड तू स्वतःच्या ताटात घेतलीस.  आपण झोपलो. सकाळी चहा झाला नाही, तेव्हा मला कळलं.

मी चौथी शिकलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या सामानाच्या चिठ्ठीशिवाय आयुष्यात काही लिहिलं नाही. पण एकटा बोलायला लागलो की आपला पोरगा सुनील त्याच्या बायकोकडं बघतो आणि ती दाराकडं बघते. म्हणून लिहितो. लिहिलेलं कोणी ऐकत नाही.

आता वाटतं, रिम सरळ झाली होती. कधीच झाली होती. तू मुद्दाम आऊट म्हणत होतीस. चाक बसलं की गाडी पुरी होणार होती, आणि गाडी पुरी झाली की सुरतचा माणूस ती न्यायला येणार होता. मी त्याला शब्द दिला होता. आपलं भांडण तेच होतं. तू म्हणत होतीस, ही गाडी आपली आहे, आपली पहिली राजदूत, विकायची नाही. मी म्हणत होतो, ही आपली नाही, हिच्यासारखी दुसरी आहे. भांडण मिटायच्या आत तू गेलीस. हे बरोबर केलं नाहीस. भांडणात अर्ध्यावर उठून जायची तुझी सवय होती, पण तू अर्ध्या तासानं परत यायचीस.

पहिली राजदूत मी जुनीच घेतली होती. तिच्यावरून तुला तळोद्याहून आणलं. एका बाजूला पाय सोडून तू मागे बसलेलीस, मांडीवर माहेरचा पितळी खलबत्ता. तुझ्या मायनं दिलेला. तो तू टेम्पोत ठेवू दिला नाहीस. गाडीचा मागचा भाग सगळ्या वाटेनं वळवळत होता. आपल्या धंद्यात चाक धरणाऱ्या मागच्या दांड्यांना चिमटा म्हणतात, त्या चिमट्याची बुशं, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, पार झिजली होती. शहाद्यात बुश मिळेना, नंदुरबारात मिळेना. मग मी काय केलं ते तुला माहीत आहे. खलबत्त्यातला बत्ता उचलला, शहाद्याला लेथवर नेला आणि त्याची दोन बुशं कातून घेतली. भरीव पितळ होतं. असला माल आता दुकानात मिळत नाही.

तू बत्ता शोधत होतीस. पिठाच्या डब्यात शोधलास, शेजारच्या बाईवर आळ घातलास. मी गप्प. मग आपण प्रकाशा गावी देवदर्शनाला निघालो, तापीच्या पुलावर तू म्हणालीस, "आज गाडी मस्त चाली ऱ्हायनी." तेव्हा मी सांगितलं. तू माझ्या पाठीत अशी बुक्की घातलीस की दुसरी गाडी असती तर कठड्याला लागली असती. ही हलली नाही. तूच मग सगळ्या गावाला सांगत सुटलीस, "मी मन्हा बत्तावर बठीसन फिरस." आणि त्या दिवसापासून लसूण, मिरची, शेंगदाणे, सगळं तू नदीतल्या दगडानं कुटलंस. मी नवा बत्ता आणतो म्हटलं की म्हणायचीस, "मन्हा शे ना. गाडीमा शे."

ती गाडी आपण दोघांनी मिळून विकली. वेल्डिंगचं मशीन घ्यायचं होतं, कंप्रेसर घ्यायचा होता, शेड उभी करायची होती. तापीकाठच्या केळीवाल्या एका गुजर शेतकऱ्यानं नेली. तू नाही म्हणाली नाहीस. फक्त तो किक मारायला लागला तेव्हा पुढं होऊन किल्ली काढून घेतलीस.

"भाऊ, किल्ली मन्हापाशी ऱ्हाई."

"अहो, मंग मी गाडी चालू कशी करू?"

"मिस्तरी दुसरी दि देतीन."

मला लाज वाटली. तो गेल्यावर मी ओरडलो. तू शांतपणे म्हणालीस, "ढोर इकं ते दावं घरमा ठेवतस. नही ते लक्ष्मी त्याना मांगे निंघी जास."

"मोटरसायकल काय म्हैस शे का?"

"म्हैस दूध देस. तुम्हनी मोटरसायकल काय देस? धूर."

पण दावं तू ठेवलंसच. त्या गाडीचं, आणि नंतर आपण ज्या ज्या गाड्या जिवंत केल्या त्या सगळ्यांचं. लोकांच्या गोठ्यातून, उकिरड्यावरून, कोंबड्या बसायच्या त्या पत्र्याखालून आणलेल्या गाड्या. मी खोलायचो, तू डिझेलमध्ये सामान धुवायचीस, घासायचीस, सीट शिवायचीस. आणि गिऱ्हाईक न्यायला आलं की त्याच्या नकळत एक काहीतरी काढून घ्यायचीस. किकचं रबर. हॉर्नचं बटण. एकदा पुण्याच्या माणसाच्या बुलेटचं टाकीचं झाकण, मूळचं, कंपनीचं. त्याचा फोन आला तेव्हा मी तोंड लपवलं. फोन तू घेतलास आणि सरळ सांगितलंस, "भाऊ, उंदीर ली गया." तो माणूस हसला का रडला, मला अजून माहीत नाही. मी त्याला दुसरं झाकण पाठवलं. तुझं झाकण भिंतीवर तारेत अडकलेलंच राहिलं.

विकलेल्या गाड्यांचं वाईट वाटतं का, असं लोक विचारायचे. मी म्हणायचो, कारागिरानं माल घरात ठेवायचा नसतो. खोटं नव्हतं ते. पण रस्त्यावरून एखादी जुनी गाडी गेली आणि आवाज ओळखीचा वाटला की आपण दोघंही हातातलं टाकून बाहेर यायचो. मी शेडमधून, तू चुलीपासून. शहाद्याच्या मारवाडी कापड दुकानदाराची काळी बुलेट आठवते? त्याच्या बापाची होती, पोरानं भंगारात काढली होती. ती नाशिकला गेली त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी जेवलो. पण चव कळली नाही. ते तुला सांगितलं नाही. आता सांगतो.

पहिल्या राजदूतचा मात्र माग लागेना. गुजर शेतकऱ्यानं ती पुढं कोणाला दिली, त्यानं आणखी कोणाला. जिथं जाऊ तिथं तू विचारायचीस. लग्नात, बाजारात, दशक्रियेला सुद्धा.

मग ते डोंगरातलं मोलगी गाव. आपण बाजाराला गेलो होतो, आमचूर घ्यायला. जीपगाड्या थांबतात तिथं एक राजदूत उभी होती. निळा रंग फासलेला, मागे बांबूची चौकट बांधलेली, तिच्यावर आमचूरची पोती आणि पोत्यांवर एक शेळी. तू माझी बाही धरलीस. "मिस्तरी, थांबा. हाई आपली शे."

"कशावरतीन?"

"माले समजस."

मालक डोंगरातला, दाज्या नावाचा. तू त्याला सगळी कथा सांगितलीस, बत्त्यासकट. तो ऐकत होता, शेळीला पाला चारत. शेवटी म्हणाला, "मावशी, तुमची होती तर सांभाळली का नाही?"  

पुढच्या बाजाराला तू भिंतीवरची ती किल्ली घेऊन आलीस. लावलीस. फिरली. दिवा लागला. तू भर बाजारात रडलीस. मी तुझ्या कानात म्हटलं, अगं, राजदूतची किल्ली कोणत्याही राजदूतला लागते, खिळा घातला तरी चालू होते. तू ऐकलं नाहीस. दाज्यानं गाडी दिली, शेळी उतरवून घेतली. त्याचा सौदा होता, म्हणून तो सुद्धा तुझ्या बाजूनं बोलला, "किल्ली लागली म्हणजे तुमचीच." गाडी जीपमध्ये मागे टाकली, आणि वाटेत तू तिच्या टाकीवर हात ठेवून बसलीस, आजारी पोराला आणावं तशी.

घरी आणून बघितलं तर चासीवरचा, म्हणजे सांगाड्यावरचा, नंबर घासलेला. इंजिन भलतंच, कोणीतरी कधीतरी बदललेलं. मी म्हटलं, सोपं आहे. चिमटा खोलू. आत पितळ असलं तर आपली, नसलं तर नाही. तू मध्ये उभी राहिलीस.

"चिमटा उघाडाना नही."

"का वं?"

"उघाडीसन काय देखनं शे? मन्ही शे, सांगी दिधं ना एकदाव."

आणि मी उघडला नाही. आख्खी चासी रंगवली, पण चिमटा जागेवर ठेवून. कोणताही मिस्तरी बघेल तर थुंकेल. मी स्वतःला सांगितलं, चिमटा ढिला नाही, कशाला खोलायचा. खरं ते हे, की आत लोखंड निघालं असतं तर तुझं तोंड कसं झालं असतं ते मला बघवलं नसतं. मला खात्री होती लोखंडच आहे. म्हणूनच सुरतवाल्याला हो म्हटलं. दुसऱ्याची गाडी, विकली तर काय झालं? आपल्या गुडघ्यांमुळं आता दोघांनाही गाडीवर बसवत नव्हतं. हे सगळं मी तुला नीट समजावून सांगितलं असतं. तू बोलत नव्हतीस.

तू गेलीस त्याच दिवशी दुपारी तुला नेलं. हिरवं नेसवलं, बायकांनी ओटी भरली, सवाष्ण गेली, भाग्याची गेली, असं जी ती म्हणत होती. माझ्या भाग्याचं कोणी बोललं नाही. पुढं सुनेनं तुझी लुगडी वाटली, तसा रिवाज आहे, तिचं चुकलं नाही. गोधडी टाकली. चपला दारातून कुठं गेल्या कळलं नाही. मी शेडमध्ये येऊन भिंतीकडं बघत बसलो. किल्ल्या, रबरं, बटणं, झाकणं. गावोगावच्या गाड्यांची दावी. जनावर गेलं तर काय ठेवायचं ते तुला ठाऊक होतं, गाडी गेली तर काय ठेवायचं तेही तूच ठरवलंस. माणूस गेलं तर काय ठेवतात, कौतिक? ते मला कोण सांगणार? हिरव्या बांगड्यांतली एक काढून घ्यायला मी हात पुढं केला होता. तुझ्या भावानं मनगट धरलं. "दाजी, असं करतस नही." मी सोडून दिली. सोडायला नको होती. त्याच्या तोंडात मारायला पाहिजे होती.

दहाव्याला प्रकाशाला गेलो. त्याच पुलावरून, पण सुनीलच्या चारचाकीत, काचा बंद. घाटावर पिंड ठेवला आणि कावळा येईना. त्या दिवशी घाटावर आणखीही लोकांचे दहावे होते, कावळ्यांची पोटं भरलेली होती, हे मला दिसत होतं. पण सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझा भाऊ म्हणाला, "दाजी, ताईना जीव अडकेल शे. सांगी टाका ना, गाडी इकाव नही."



"सांगा ना बा," सुनील म्हणाला. म्हणाला तोच, ज्यानं सकाळी सुरतवाल्याला फोन केला होता. नुसतं सांगायला काय जातं, असं त्याचं तोंड होतं.

मला सांगता आलं नाही. तुझ्याशी मी भांडलो, तुला शिव्या दिल्या, तुझा बत्ता चोरला, पण तुला फसवायला मी कधी कावळ्याची मदत घेतली नाही. विकायची का नाही, हे माझं मलाच ठरत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं. काही झालं नव्हतं. मी तापीत उतरलो, कमरेपर्यंत, आणि मला वाटलं असंच पुढं चालत जावं. खरं सांगतो. वाटलं. मग मागून तुझा भाऊ ओरडला, दाजी, शेवाळ शे, पाय घसरी. मी मागे फिरलो. पाय घसरू नये म्हणून मागे फिरलो, याची मला लाज वाटते.

घरी येता येता सुनील म्हणाला, "बा, तो सकायले ई ऱ्हायना. दि टाका गाडी. मंग तुम्ही सुरतले चला आमनासंगे. आठे काय ठेयेल शे आते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातलं कोणी उठायच्या आत, मी शेड उघडली. राजदूत ओढून मधोमध घेतली, खाली ठोकळा लावला. चाक त्या संध्याकाळपासून स्टँडवरच होतं. मग चिमट्याच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट निघेना. डिझेल सोडलं, हातोडीनं ठोकलं. तू आत्ता येऊन हात धरशील असं मला प्रत्येक घावाला वाटत होतं. बोल्ट निघाला. चिमटा ओढून बाहेर आणला, फडक्यानं पुसला, उजेडात नेला. माझ्या डोळ्यांना ग्रीसखालचा रंग काही दिसेना, पिवळा का काळा. मग मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं. पितळाला चुंबक धरत नाही. चिमटा लोखंडी, म्हणून चुंबकाचं टोक भोकात घालून थेट बुशालाच लावायचं.

लावलं. टक् करून चिकटलं. दुसऱ्या बाजूला लावलं. चिकटलं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा पुन्हा लावत राहिलो, बोट आत घालून चाचपलं. लोखंड. कौतिक, लोखंड निघालं गं.

इतक्या वर्षांत कोणीतरी बुशं बदलली असतील, असं म्हणता येतं. डोंगरातल्या वाटा, शेळ्या, पोती, पितळ झिजलंही असेल. तसं म्हणावं तर खरं काय ते मला मरेपर्यंत कळणार नाही. तसं नाही म्हणावं तर तू खोटी पडतेस, आणि आपली गाडी, तुझ्या मायचा बत्ता पोटात घेऊन, अजून कुठंतरी परक्याच्या दारात उभी आहे. म्हणजे जी सापडली म्हणून तू मोलगीच्या बाजारात रडलीस, ती सापडलीच नाही. आणि एक सांग. तुलाही हे ठाऊक होतं का? म्हणून तू उघडू देत नव्हतीस का? दुसऱ्याची आहे हे माहीत असून तिला आपली म्हणत होतीस? मी तुझ्याबरोबर सगळा जन्म काढला आणि मला हे सांगता येत नाही. असं कसं जायचं असतं, काही न सांगता, खिचडी खाऊन?

मी तिथंच चिमटा मांडीवर घेऊन बसलो. रडलो का, ते लिहीत नाही.

मग उठलो. बुशांत नवं ग्रीस भरलं, चिमटा जागेवर चढवला, बोल्ट आवळला. चाक बसवलं. काम नीट केलं. फडक्यानं टाकी पुसत होतो तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. सुरतचा माणूस उतरला, तरणा, हसरा.

"काका, तैयार छे ने?"

"तैयार शे. पन इकानी नही."

त्याचं हसू गेलं. "अरे, बात थई गई हती ने, काका? सुनीलभाईनो फोन हतो."

"सुनीलनी गाडी नही ती."

"तो कोनी छे?"

"मन्ही बायकोनी."

तो गोंधळला. त्यानं घराकडं बघितलं, ओट्यावर सुनील उभा होता, डोकं भादरलेलं. त्याच्याकडं बघून त्या पोराला समजलं असावं. हळू आवाजात म्हणाला, "पण काका, काकी तो..."

"हा," मी म्हटलं, "ती गई. मी तिले इचारं नही, ते गाडी कशी देऊ?"